धाकटीचा बिनजागेचा खेळ

आमच्या धाकटीबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं माझे यजमान अधूनमधून म्हणतात. कुणीतरी म्हणजे मी सोडून कुणीही. मी लिहायला बसले तर काय काय बाहेर पडेल याची त्यांना धास्ती आहे. म्हणून मीच बसले. आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. कालपरवापासून नाही, ती या घरात आली तेव्हापासून, म्हणजे झाली की नऊ वर्षं. हेवा झाकून लिहिलं की लिखाण गुळमुळीत होतं, आणि गुळमुळीतपणा मी मैदानावरही कधी खपवून घेतला नाही.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. उंची पाच फुटांना एक बोट कमी. माझ्या शेजारी उभी राहिली की माझ्या कोपराशी बोलते आहे असं वाटतं. ती पार्सलांच्या गोदामात काम करते. शहरभरातून खोकी येतात, ती पत्त्याप्रमाणे वेगळी करायची, वजन करायचं, चिठ्ठी डकवायची, गाडीत चढवायची. पूर्वी तिथे प्रत्येक बाईचं टेबल ठरलेलं होतं. वजनवाली वजनच करणार, चिठ्ठीवाली चिठ्ठीच डकवणार. एक जण आजारी पडली की तिच्या टेबलावर डोंगर आणि बाकीच्या हातावर हात धरून बसलेल्या. धाकटी तिथली मुकादम झाली आणि पहिल्याच महिन्यात तिने टेबलं मोकळी करून टाकली. सगळ्यांनी सगळं शिकायचं, आणि ढीग जिथे वाढताना दिसेल तिथे आपणहून जायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही. त्याबद्दल तिला प्रशस्तिपत्रक मिळालं. माझ्या दिरांनी ते दिवाणखान्यात, माझ्या संघाच्या फोटोशेजारी लावलं. शेजारी म्हणजे दोन बोटं वर. मी मोजली आहेत.

घरातही तिचं तेच. आमच्या जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत आणि खिडकीजवळची माझी आहे, हे भिंतीलासुद्धा ठाऊक आहे. धाकटी येईल ती रिकामी खुर्ची ओढते आणि बसते. एकदा ती माझ्या खुर्चीत बसली, तेव्हा मी ताट घेऊन तिच्या डोक्याशी उभी राहिले. ती सरळ उठली, "बसा ना ताई" म्हणाली आणि माझ्या यजमानांच्या खुर्चीत जाऊन बसली. यजमान दारात उभे. भांडावं तरी कसं अशा बाईशी?

आता माझ्याबद्दल थोडं. मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. पंधरा वर्षं स्वतः बास्केटबॉल खेळले, सेंटर म्हणून, म्हणजे बास्केटखाली उभं राहणारी सगळ्यात उंच बाई. पुढची चौदा वर्षं शाळेचा संघ घडवला. माझ्या संघात पाच मुलींच्या पाच जागा, जागेला नंबर, नंबराला काम. एक नंबर चेंडू आणणार, दोन आणि तीन कोपऱ्यात, चार मदतीला, आणि पाच नंबर बास्केटखाली. माझ्या पद्धतीत कुठलीही चूक झाली तरी तिला मालक असतो. चेंडू कोपऱ्यात गेला आणि तिथे कुणी नव्हतं, तर दोन नंबरला बोलावून कान उपटता येतो.

गेली चार वर्षं माझी पाच नंबर म्हणजे माझी लेक. सोळाव्या वर्षी पाच फूट अकरा इंच, उंचीने थेट माझ्यावर गेली आहे. आठ वर्षांची होती तेव्हापासून मी तिला बास्केटखाली उभी करते आहे. पाठ बास्केटकडे, हात वर, चेंडू मिळाला की वळायचं आणि टाकायचा. तो खाली आपटत पुढे न्यायचा नाही, कारण उंच पोरीने चेंडू खाली आणला की उंची वाया. ती जरा बाहेर भटकली की मी बाजूने ओरडायची, "आत!" एका सरावात शंभरदा तरी म्हटलं असेन. पुढे पुढे माझा शब्द पुरा व्हायच्या आधीच तिचे पाय निघालेले असत. मला त्याचा केवढा अभिमान होता.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. शस्त्रक्रिया, मग दीड महिना अंथरूण, मग दीड महिना काठी. तोवर संघाचं काय, हा प्रश्न आला. शाळेत दुसरं कुणी नव्हतं, आणि मुख्याध्यापिका बाई या वर्षी संघ उतरवायलाच नको म्हणायला लागल्या. तेव्हा माझ्या लेकीने सुचवलं, काकू घेईल सराव. मी हसले. काकू शाळेत असताना दोन वर्षं राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसली होती, तेवढाच तिचा बास्केटबॉल. पण संघ बंद पडण्यापेक्षा बरं, म्हणून मी माझी वही तिच्या हाती दिली. चौदा वर्षांच्या सगळ्या चाली त्यात रंगीत पेनांनी काढलेल्या. म्हटलं, "यातलं सोडून काही करू नकोस."

तिने दोन दिवस तसंच केलं. तिसऱ्या दिवशी दोन नंबरची मुलगी तापाने आली नाही. संध्याकाळी धाकटी माझ्या पलंगाशी येऊन विचारायला लागली, दोन नंबरची नसली तर तिथे कोण? मी म्हटलं, राखीव. राखीवही नसली तर? मी म्हटलं, तर हरायचं. तिने चहा संपवला, कप उचलला आणि गेली. पुढच्या सरावाला वही घरीच राहिली.

तिने काय केलं, ते मला माझ्याच जेवणाच्या टेबलावर कळलं. मी काठी टेकत पहिल्यांदा बाहेर येऊन बसले होते. लेकीने पाच कप मांडले आणि मिठाच्या बाटलीला चेंडू केलं. आता नंबर नाहीत, ती म्हणाली. कुणी सेंटर नाही, कुणी चेंडू आणणारी गार्ड नाही. पास दिला की उभं राहायचं नाही, हलायचं. एकमेकींपासून चार-पाच पावलं लांब राहायचं. तुझ्यावर पहारा करणारी पोरगी क्षणभर दुसरीकडे बघायला लागली की तिच्या पाठीमागून बास्केटकडे सुटायचं. आणि बास्केटखालची जागा रिकामी ठेवायची, तिथे धावत जायचं आणि चेंडू नाही मिळाला तर तसंच बाहेर पडायचं. तिथे मुक्काम करायचा नाही.

शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी आठ वर्षं जिला तिथे मुक्कामाला ठेवली होती, ती. मधूनच धाकटी हात लांब करून एखादा कप सरकवायची आणि लेक म्हणायची, "हां, बरोबर, मी तिथे अडकले असते." दोघींची डोकी टेबलावर जवळ आलेली. मी अर्ध्या जेवणातून उठले. गुडघा दुखतो म्हणाले, आणि तो खरंच दुखत होता, पण उठण्याचं तेवढंच कारण नव्हतं.

धाकटीला मूल नाही. हे मी तिची कीव यावी म्हणून लिहीत नाही. त्या दिवसांत माझ्या मनात जे वाक्य सारखं यायचं ते असं होतं: तुला स्वतःची नाही म्हणून माझी घेतेस. तोंडातून कधी बाहेर काढलं नाही, पण जिभेवर त्याची चव बरेच दिवस होती. त्यात आणखी भर म्हणजे सगळा संघ तिला काकू म्हणायला लागला. चौदा वर्षांत मला कुणी मॅडमच्या खाली उतरवलं नव्हतं. उतरवलं असतं तर मी खपवून घेतलं नसतं हे खरं, पण ते वेगळं.

मग मी दोष शोधायला बसले. ते मला शोधावे लागले नाहीत, खेळ मला कळतो. यजमान म्हणाले, मला कशाला सांगतेस, तिला सांग. एका दुपारी ती भाजी निवडत होती तिथे जाऊन मी तिला बोटांवर मोजून दाखवले. हा खेळ बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आठवड्याचे चार सराव पुरत नाहीत. पाचांतली एक झोपेत असली की बाकी चौघी आंधळ्या. सगळ्यांनी सगळं करायचं म्हणजे जिला बास्केट दिसत नाही तीही शॉट मारणार. उंच पोरगी बाहेर फिरत राहिली तर उसळलेला चेंडू कोण घेणार, तुझा काका? आणि शेवटच्या मिनिटाला, एक बास्केट हवी असताना, ती कुणी टाकायची हे ठरलेलंच नाही. चेंडू पाच हातांतून फिरत राहतो आणि वेळ संपते.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, उसळलेल्या चेंडूचं अगदी खरं आहे. त्याचं काय करू?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायला आलेल्या माणसाशी सहमत होणं यासारखा अपमान नाही. मी उत्तर दिलं मात्र. शॉट सुटला की दोघींनी बास्केटकडे धावायचं, कोण त्या ते शॉट घेणारीवरून ठरेल, असं काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने ते सरावात घेतलं आणि मुलींना सांगितलं की ही मॅडमची युक्ती. तेही मला लेकीकडून कळलं, आणि तेही मला खुपलं.

पहिला सामना त्या वीस गुणांनी हरल्या. लपवत नाही, मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सासूबाईंच्या वेळच्या दोन जुन्या गोष्टी सांगून सगळ्यांना हसवलं. लेक हसली नाही. पुढचा सामना त्या दोन गुणांनी हरल्या, त्याच्या पुढचा जिंकल्या, आणि मग जिंकतच सुटल्या. तेव्हा मी काठी घेऊन स्वतः बघायला गेले.

जे दिसलं ते सांगते, कारण खोटं सांगायला मला खेळाची लाज वाटेल. समोरच्या संघातली ताडमाड पोरगी माझ्या लेकीवर पहारा करत होती. लेक तीन गुणांच्या रेषेबाहेर गेली, तिच्यामागे त्या पोरीलाही जावं लागलं, आणि बास्केटखाली सुटीतल्या शाळेसारखा शुकशुकाट. तिथे आमची सगळ्यात बुटकी पोरगी, जिला आम्ही चिमणी म्हणतो, ती अलगद शिरली आणि चेंडू टाकून बाहेर. समोरच्यांनी कुणाला अडवावं तेच त्यांना कळेना, कारण आमच्याकडे अडवण्यासारखी एक अशी कुणी नव्हतीच. माझ्या वेळी जी मुलगी अख्ख्या सामन्यात चार वेळा चेंडूला हात लावायची, ती बोटाने मैत्रिणींना जागा दाखवत होती. एक जण पाय मुरगळून बसली, दुसरी आत आली, आणि खेळाला खरचटलंसुद्धा नाही.

आणि माझी लेक चेंडू आपटत पळत होती. मी ज्यासाठी तिला रागवायची, तेच. तिने एकीकडे बघत दुसरीकडे पास दिला, तो अचूक गेला, आणि ती हसली. आठ वर्षांत मी तिला मैदानावर हसताना बघितलं नव्हतं. मला वाटायचं तिचा चेहराच खेळताना गंभीर होतो. मी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते, आणि जे वाटत होतं त्याला आनंद म्हणणं मला शक्य नव्हतं.

साखळी सामने संपले आणि संघ उपांत्य फेरीत गेला. मुख्याध्यापिका बाईंनी मला भेटून गोड शब्दांत सांगितलं, मोसम संपला की पुढच्या वर्षी संघ कुणाकडे द्यायचा ते ठरवू. ठरवू म्हणजे काय ते मला समजलं. माझा संघ जाणार होता, आणि संघाबरोबर लेक.

उपांत्य सामन्याला धाकटी बाकावर आणि मी मागे तिसऱ्या रांगेत, पाय लांब करून. शेवटची दीड मिनिटं राहिली. आम्ही एका गुणाने मागे. चेंडू चिमणीने नुकताच दुसरीला दिला होता. माझी लेक रेषेबाहेर उभी, आणि समोरच्यांच्या धावपळीत तिच्यावर पहाऱ्याला चुकून एक बुटकी पोरगी आली होती. खेळ कळणाऱ्या कुणालाही दिसावं. उंच पोरीवर बुटका पहारा, तिला बास्केटखाली पाठवायचं, चेंडू वर द्यायचा, दोन गुण खिशात. धाकटीच्या खेळात हे कुणी सांगत नाही, ते आपापलं दिसावं लागतं. लेकीला ते दिसलं नव्हतं. साडेअडतीस मिनिटं मी तोंड मिटून बसले होते. आणि मी ओरडले, "आत!"

तिचे पाय निघाले. तिने विचार केला नाही, मीच तसं शिकवलं होतं. आणि पास देऊन मोकळी झालेली चिमणी, काकूने शिकवल्याप्रमाणे, त्याच रिकाम्या जागेत पूर्ण वेगाने सुटली होती. ती जागा रिकामीच असणार, या भरवशावर. दोघी आदळल्या. चिमणी हातावर पडली. मनगट मोडल्याचं मला तिच्या चेहऱ्यावरून तिथूनच समजलं. चेंडू बाहेर गेला, पलीकडच्यांनी दोन गुण केले, आम्ही तीन गुणांनी हरलो.

माझ्या शेजारच्या बाईंना वाटलं मी पोरी पडल्या म्हणून ओरडले. त्यांनी माझा हात दाबला. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

मग जे व्हायचं ते झालं. चिमणीच्या हाताला प्लास्टर. तिचे वडील शाळेत येऊन तावातावाने बोलले की पोरींना जागाच नेमून दिलेल्या नसतील तर त्या एकमेकींवर आदळणार नाहीत तर काय. बाकी पालकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिका बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं आणि मला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं खेळलात. सांगा, हा त्या पद्धतीचा दोष आहे का?"

मी म्हटलं, "बिनजागेच्या खेळात दोघी एकाच जागी येण्याचा धोका असतोच."

यातला एकही शब्द खोटा नाही. कुठल्याही जाणकाराला विचारा. शेजारच्या खुर्चीवर धाकटी बसली होती. मला वाटलं आता ती तोंड उघडणार, कारण बाकापासून तिसरी रांग काही लांब नाही आणि माझा आवाज तिच्या ओळखीचा आहे. ती म्हणाली, "चूक माझी आहे. माझी तयारी कमी पडली." सोमवारपासून संघ माझ्याकडे आला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना तीन आठवड्यांनी होता, तोही माझा, आणि पुढचं वर्षही माझं.

संघ परत आला पण गेला तसा नाही. मी नंबर पुकारले की मुली आपापल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या आणि बस यायची वाट बघावी तशा माझ्याकडे बघायच्या. लेक सगळं ऐकायची. आत म्हटलं की आत. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तो जुना गंभीरपणा. सराव संपला की ती चिमणीचं दप्तर उचलायची आणि तिला घरापर्यंत सोडायला जायची. चिमणीला ती रोज सांगायची म्हणे, की माझं चुकलं, मी बघितलं नाही.

आणि घरात धाकटी. तिच्यात काही म्हणजे काही फरक नव्हता. सकाळी माझा चहा करायची, गुडघ्याची गोळी आठवणीने बशीत ठेवायची, मिळेल त्या खुर्चीत बसायची. तिला माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. आणि ती मूग गिळून बसली होती. सुरुवातीला मला हायसं वाटलं. मग दिवसेंदिवस तेच मला सलायला लागलं. हिने माझी लेक घेतली होती, माझा संघ घेतला होता, ते मी परत मिळवले, तर आता मोठेपणाही हिनेच घेतला. मी जेवताना तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, किती दिवस वापरणार आहेस गं हा मोठेपणा माझ्यावर?

खोटेपणा मी पचवला असता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिचा चांगुलपणा मला पचेना. दोन आठवडे झाल्यावर एका गुरुवारी मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. इतके दिवस का थांबलात, असं विचारलं. मी म्हटलं, माझा हेवा जुना आहे, त्याला वेळ लागतो. त्या हसल्या नाहीत. चिमणीच्या वडिलांना मी स्वतः भेटावं आणि संघ उद्यापासून धाकटीकडे जाईल, एवढं सांगून त्यांनी पुढची फाइल ओढली. चिमणीच्या घरी मी तशीच गेले. तिच्या वडिलांनी मला दारातच उभं ठेवलं, ते बरोबरच होतं.

घरी आले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात गाजरं चिरत होती. मला तिचा चेहरा उतरलेला बघायचा होता. मी म्हटलं, "बाईंना सगळं सांगून आले. मीच ओरडले म्हणून. आता तुझा मोठेपणा पुरे झाला."

तिने सुरी खाली ठेवली. "कसला मोठेपणा ताई?"

"गप्प बसलीस तो."

"तुमच्यासाठी मी एक दिवससुद्धा गप्प बसले नसते," ती म्हणाली. नऊ वर्षांत तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बाईंच्या खोलीत तुम्ही ते धोक्याचं बोललात ना, तेव्हा मला वाटलं तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हावं. पण तिने मला गळ घातली होती."

"कुणी?"

"तुमच्या लेकीने. तिनेच ऐकला ना तुमचा आवाज, तिचेच पाय निघाले. ती मला म्हणाली, आईच्या तोंडून सवयीने गेलं असणार, तिला कळलंही नसेल. कळलं तर ती स्वतःला माफ करणार नाही, परत मैदानावर पाय ठेवणार नाही. काकू, तू तिला कळू देऊ नकोस. चिमणीसमोर माझी चूक म्हणून मी सांगते." धाकटीने सुरी पुन्हा उचलली, पण चिरलं काही नाही. "मी रोज वाट बघत होते, तुम्ही कधी तिच्याशी बोलाल याची. माझ्याशी नाही."

मी दोन आठवडे चुकीच्या बाईवर जळत होते.

लेक मागच्या गॅलरीत खेळाचे बूट घासत बसली होती. मी शेजारच्या पायरीवर बसले, गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय सरळ ठेवून. म्हटलं, त्या दिवशी मी ओरडले होते. आत म्हणाले होते. चूक तुझी नव्हती.

तिचा ब्रश थांबला. आधी ती घाबरली, माझ्यासाठी घाबरली, हे मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. तिने विचारलं, "तुला कुणी सांगितलं? काकूने?"

मी फक्त मान हलवायचाच अवकाश होता. हो, काकूने, आत्ताच कळलं मला. लेक माझ्या गळ्यात पडून रडली असती, मीही रडले असते, आणि धाकटीने वचन मोडल्याचा ठपका तिच्यावर बसला असता. एका मान हलवण्यात सगळं मला परत मिळत होतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते मला त्या क्षणी पूर्ण दिसलं आणि मोह झाला.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मला तेव्हाच माहीत होतं."

"तेव्हाच म्हणजे?"

"ओरडले तेव्हाच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घालून बूट घासायला घेतला, जो आधीच स्वच्छ झाला होता. घासता घासता म्हणाली, "चिमणीला मी रोज सॉरी म्हणतेय, आई."

तिने दुसरा बूट घेतला.

"उद्यापासून सरावाला येऊ नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सामन्यालाही नको."

सामन्याच्या दिवशी मी घरी होते. दोघी सकाळी गेल्या, दुपारी परतल्या. जिन्यात त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. दोघी एकदम बोलत होत्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती, पण जिंकल्या की हरल्या ते त्यावरून कळेना. मी दार उघडलं तशा गप्प झाल्या. मी विचारलं, काय झालं.

लेकीने माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "काकू, तू सांग तिला," ती म्हणाली आणि अनवाणी आत निघून गेली.

धाकटी दमली होती. तरी ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने मला अख्खा सामना सांगितला, कुणी कुणाला पास दिला, कोण कुठून सुटली, लेकीने कुठे काय केलं ते सगळं. यापुढे माझ्या लेकीच्या गोष्टी मला धाकटीच्याच तोंडून ऐकाव्या लागणार होत्या, म्हणून मी ऐकत बसले.